सासूबाईंची खोपी आणि मास्तरांचं नळकांडं

नाताळच्या जेवणाला तिसरा बटाटा ताटात घेता घेता आल्व्हार मास्तर जर "यंदा हिल्डुरची खोपी मी वर नेतो" असं बोलून गेले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मास्तर उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखात, ग्रानसेलेच्या शाळेत, सत्तावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते. इतकी वर्षं ज्याला बोलताना कोणी अडवत नाही, त्याला आपण काय बोलून बसलो हे जरा उशिरानेच कळतं.

टेबलाभोवतीचे काटे-चमचे थांबले. हिल्डुर म्हणजे मास्तरांच्या सासूबाई. मार्चअखेर त्यांना ऐंशी पुरी होणार होती. खोपी त्यांच्या कैलासवासी नवऱ्याने, गुस्ताव्हने, स्वतः बांधलेली. दोन लांब घसरपट्ट्यांवर बसवलेली लाकडी खोली, आत एक बाक, एक लोखंडी शेगडी आणि तळाला, बर्फाखालच्या पाण्यात गळ सोडण्यासाठी, चार भोकं. दर मार्चमध्ये ती हँडलच्या, पट्ट्यावर पळणाऱ्या बर्फगाडीला जोडून डांबरटेकडीवरून वरच्या गोठलेल्या तळ्यावर न्यायची आणि बर्फाने दगा द्यायच्या आत खाली आणायची. गुस्ताव्ह गेल्यापासून हे काम मास्तरांचा मेहुणा रूने करत असे. खोपी न्यायला त्याला एक तास लागे आणि कशी नेली ते सांगायला उरलेलं वर्ष.

"तू नेणार?" रूने म्हणाला. "डांबरटेकडीवरून?"

"टेकडी तुझ्या एकट्याच्या मालकीची नाही."

"टेकडी नाही रे. पण तुझी गाडी तुझं दप्तर घेऊन चढली तरी पुष्कळ झालं."

मास्तरांची बायको मायलीस हिने टेबलाखालून नवऱ्याच्या नडगीवर पाय मारला. पण तीर सुटला होता. हिल्डुरबाई शांतपणे मासा सोलत म्हणाल्या, "मला वाढदिवस वरच करायचाय. गुस्ताव्हच्या भोकापाशी. गेल्या वर्षी कमरेने जाऊ दिलं नाही, पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं. कोण नेतो ते तुमचं तुम्ही ठरवा." मग त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. "आणि आल्व्हार, मी विणलेले मोजे कुठायत?"

"धुवायला टाकलेत," मास्तर म्हणाले.

"मेपासून?"

हा प्रश्न मास्तरांनी ऐकला नाही. घरात शिरताना बूट काढायची रीत असल्यामुळे त्या मुलखात माणसाचे मोजे ही जगजाहीर गोष्ट असते. करडी लोकर आणि घोट्याशी तांबडा पट्टा अशी ती जोडी सासूबाईंनी गेल्या वाढदिवसाला दिली होती. ती भयंकर टोचत असे, पण हे मास्तर मायलीसलासुद्धा बोलले नव्हते.

आता गाडीबद्दल. ती मास्तरांनी जुनी, पण नीट पारखून घेतली होती. गेल्या हंगामात ती बरी पळाली. मेमध्ये त्यांनी ती शेडमध्ये ठेवली, तीही पद्धतशीर. शेडच्या भिंतीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात दोन याद्या टांगलेल्या आहेत. 'गाडी ठेवताना', कलमं एकोणीस. 'गाडी काढताना', कलमं अठरा. बर्फ पडल्यावर त्यांनी ती तितक्याच पद्धतीने बाहेर काढली, आणि तेव्हापासून तिने धापा टाकायला सुरुवात केली. सपाटीवर ठीक चाले. चढ आला, मागे ओझं आलं, की दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी घशातल्या घशात खाकरे आणि मान टाके.

समोरच्या घरातला एर्लांड चाळीस वर्षं जंगलात लाकडं तोडून निवृत्त झालेला. तो रोज कॉफी घेऊन कुंपणाशी येई आणि निदान करून जाई. सोमवारी त्याच्या मते पेट्रोलात पाणी होतं. मंगळवारी पट्टा सैल होता. बुधवारी तो म्हणाला, "मास्तर, गाडीला थंडी वाजतेय. माझ्या जुन्या गाडीला मी घोंगडी पांघरायचो."

"मग काय झालं?"

"जळली ना ती. पण थंडी नाही वाजली."

गावात गाड्या दुरुस्त करणारा कॉनी फोनवर एवढंच म्हणाला, "घेऊन ये इकडं, पाच मिनिटांत बघतो." पण या कॉनीला मास्तरांनी नववीत 'उष्णता' या धड्यात नापास केलं होतं. त्याच्या दारात आपली तापलेली गाडी घेऊन उभं राहायचं म्हणजे विद्येने विद्यार्थ्याकडे उसनं मागण्यासारखं झालं. मास्तरांनी त्याचे आभार मानले आणि स्वयंपाकघरातून मांस भाजताना खुपसायचा तापमापक उचलला.

शोध लागला तो त्या दिवशी दुपारी. बाहेर उणे अठरा. झाकणाखाली, इंजिन जिथून श्वास घेतं त्या तोंडाशी, अधिक शेहेचाळीस. रेडिएटरचा पंखा आपली सगळी गरम हवा थेट त्या तोंडावर फेकत होता. मास्तर बर्फाच्या बुटांसकट स्वयंपाकघरात आले.

"मायलीस, गरम हवा विरळ असते. म्हणजे इंजिनाला एका घोटात मिळायला हवी त्याहून कमी हवा मिळते. म्हणजे ताकद कमी. नववीचा धडा आहे हा."

"बूट," मायलीस म्हणाली.

मास्तरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, हे इथे नमूद केलं पाहिजे. गरम हवा विरळ असते आणि ती इंजिनाला खरंच मानवत नाही. माणसाचं म्हणणं बरोबर असलं की त्याला आवरणं फार अवघड होतं, एवढाच त्यातला धोका.

पहिला उपाय म्हणजे केक भाजायचा ट्रे. तो वाकवून मास्तरांनी रेडिएटर आणि ते तोंड यांच्यामध्ये भिंत उभी केली. गरम हवा अडली. पण अडलेली हवा कुठेतरी जाणारच. ती डावीकडून खाली उतरून थेट मास्तरांच्या डाव्या बुटावर आली. त्यांना ते सुखद वाटलं. दुकानापर्यंतच्या वाटेत पायाखालच्या फळीवरचा बर्फ वितळून त्याचं पाणी झालं, आणि मास्तर दुकानासमोर थांबून शेजारणीशी हवापाण्याचं बोलत राहिले तेवढ्यात त्या पाण्याचा पुन्हा बर्फ झाला. उतरायला गेले तर बूट फळीला चिकटलेला.

मास्तरांनी ओढून पाहिलं. मग ते आपल्याला उतरायचंच नव्हतं अशा चेहऱ्याने थोडा वेळ बसून राहिले. पण दूध तर न्यायचं होतं. शेवटी बूट जागच्या जागी ठेवून ते एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत दुकानात शिरले. मोजा करडा होता, तांबड्या पट्ट्याचा. गल्ल्यावरच्या मुलीने गरम पाण्याची किटली आणून दिली. बूट सोडवायला चौघं वाकले, तेव्हा पँट वर सरकून दुसरा मोजाही दिसला. तो दुकानातला, काळा, साधा होता. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला.

"तू एकच घालतोस म्हणे. दुसरा टाकून दिलास?"

"नाही हो. आहे कुठंतरी."

"कुठंतरी," हिल्डुरबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. लग्नानंतरच्या एकोणतीस वर्षांत मास्तरांनी त्यांना 'हो' लावलं ते हे पहिल्यांदाच. त्या मुलखात सासूलाच काय, राज्यपालालाही अरे-तुरे करतात.

आता हवा झाकणाबाहेर काढणं भाग होतं. एर्लांड म्हणाला, "झाकणाला भोक पाड आणि मोकळा हो." कोणीही भोक पाडून मोकळा झाला असता. पण मास्तर नियमाने चालणारे. डांबरटेकडीची वाट बर्फगाडी मंडळाची. बदल केलेली गाडी त्या वाटेवर चालते का, हे विचारायला त्यांनी मंडळाच्या चिटणीस डागनीबाईंना फोन केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"असं आजवर कोणी विचारलं नाही," डागनीबाई म्हणाल्या.

"म्हणून तर विचारतोय."

"विचारलंस म्हणजे आता उत्तर द्यावं लागणार," डागनीबाई दुःखाने म्हणाल्या. फॉर्म नव्हता, तो त्यांनी बनवला. समिती बसली. समितीतल्या एकाच्या मनात आलं की वाटेच्या कडेला गरम हवा सोडली तर वाट वितळेल. म्हणून प्रकरण नगरपालिकेत गेलं. तिथल्या बाईंनी मास्तरांना विचारलं की हे उत्सर्जन स्थिर आहे की फिरतं. फिरतं आहे म्हटल्यावर, कोणाकोणाच्या जमिनीवरून फिरतं त्यांच्या संमत्या मागितल्या. एर्लांडने, गाडी आपल्या खिडकीखालून जाते या मुद्द्यावर, सही तीन दिवस अडवून ठेवली आणि त्या तीन दिवसांत स्वतःचे जुने सगळे सल्ले मास्तरांना पुन्हा शांतपणे ऐकायला लावले. वाढदिवसाला आठ दिवस उरले तेव्हा मंजुरी आली. अट एकच. गरम हवा वाटेवर, बर्फावर किंवा इतर गाड्यांवर न सोडता 'वाहनाच्या स्वतःच्या हद्दीत' सोडावी.

हवेला हद्दीत ठेवायचं तर नळकांडं हवं. मायलीसच्या कपडे वाळवायच्या यंत्राच्या मागे चांदीच्या रंगाचं, हवं तसं वाकणारं, दोन मीटर लांब नळकांडं होतं. मास्तरांनी ते काढलं. पुढचे आठ दिवस त्या घरात चादरी वाळल्या नाहीत आणि नवरा-बायको कामापुरतंच बोलले. मग भोक. मास्तरांनी झाकण काढून उलटं टेबलावर ठेवलं, कोन मोजले, तीनदा तपासले आणि करवत चालवली. झाकण गाडीवर बसवल्यावर लक्षात आलं की भोक उजवीकडे आलंय. उलट्या वस्तूची डावी बाजू उजवी होते हा धडा आठवीचा. तो मास्तर उत्तम शिकवत.

दुसरं भोक डावीकडे पाडलं. पहिल्यावर बिस्किटाच्या डब्याचं झाकण ठोकलं, त्यावर त्या मुलखात नाताळला घरोघरी मांडतात तो बोकड घंटा वाजवत होता. तर अशी ती गाडी तयार झाली. उजव्या गालावर बोकड, डाव्या गालातून निघालेलं चांदीचं आतडं, ते बाजूने मागे जाऊन मागच्या सीटपाशी तोंड उघडून थांबलेलं. सपाटीवर चाचणी झाली. तोंडाशी तापमान उणे चार. मास्तरांनी तो आकडा वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. गाडी मात्र तरीही किंचित खाकरत होती. ते नवं नळकांडं अंगवळणी पडेपर्यंत चालायचंच, असं मास्तरांनी ठरवलं.

वाढदिवसाच्या शनिवारी लख्ख ऊन पडलं. डांबरटेकडीच्या पायथ्याशी अर्धं गाव रेनडियरची कातडी अंथरून सॉसेज भाजत बसलं होतं. रूने आपल्या दांडग्या गाडीवर आडवा पाय टाकून होता आणि हँडलला नवाकोरा दोर गुंडाळलेला होता.

"दोर कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"असाच. चांगला दिसतो."

कॉनी बोकडाकडे बराच वेळ पाहत होता. खोपी मागे जोडली. हिल्डुरबाईंनी रूनेच्या गाडीवर बसायला नकार दिला आणि सरळ मास्तरांच्या मागे येऊन बसल्या. "ज्याने नेतो म्हटलंय त्याच्या मागे बसायचं," त्या म्हणाल्या. नळकांड्याचं तोंड नेमकं त्यांच्या बुटांशी आलं.

निघाले. पहिला शंभर पावलांचा चढ गाडी चढली आणि मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाऱ्याने नव्हतं. दुसऱ्या वळणाला चढ खडा होतो. तिथे इंजिन खाकरलं, दोनदा घुसमटलं आणि बंद पडलं. खोपी बर्फात रुतून तिथेच थांबली, एवढीच दैवाची कृपा. टेकडीवर इतकी शांतता झाली की खाली सॉसेजची चरबी निखाऱ्यावर पडल्याचं ऐकू आलं. मग रूनेची गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं.

मास्तरांनी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. रूने दोर घेऊन वर येऊन पोचला. या क्षणानंतर पुढची वीस वर्षं, प्रत्येक नाताळात, प्रत्येक तिसऱ्या बटाट्याला, काय ऐकावं लागणार ते मास्तरांना स्पष्ट ऐकू येत होतं.

"चल, सोड खोपी," रूने म्हणाला. "मास्तर, तू आईला घेऊन चालत ये मागून."

"रूने, खाली जाऊन थांब," हिल्डुरबाई म्हणाल्या. "मी उतरणार नाही. माझे पाय आयुष्यात पहिल्यांदा या टेकडीवर गरम आहेत. आल्व्हार, तू नेणार आहेस ना?"

मास्तरांनी खाली पाहिलं. कॉनी हातात अर्धं सॉसेज घेऊन चालत वर येत होता. "कॉनी," ते म्हणाले, "गाडीला काय झालंय?" उत्तर आपल्याला माहीत नाही असा प्रश्न सत्तावीस वर्षांत त्यांनी विद्यार्थ्याला पहिल्यांदाच विचारला होता.

कॉनीने सॉसेज तोंडात कोंबलं, हात पँटला पुसले आणि झाकण उघडलं. "हवा आत कुठून जाते?" त्याने विचारलं. अगदी मास्तरांच्याच सुरात.

"इथून. हे तोंड. इथलं तापमान मी..."

"आत बघितलंस?"

"आत बघायची गरज नव्हती. मी मोजलंय."

कॉनीने लांब चिमटा काढून त्या तोंडात घातला, कोपरापर्यंत हात नेला, काहीतरी पकडलं आणि हळूहळू ओढायला लागला. आधी करडं काहीतरी आलं. मग आणखी करडं आलं. मग तांबडा पट्टा आला.

मास्तरांना सगळं एकदम आठवलं. मे महिना, कलम सतरा, 'उंदीर शिरू नयेत म्हणून हवेच्या तोंडात चिंधी कोंबणे'. चिंधी सापडत नव्हती. दोरीवर मोजे वाळत होते. त्यांनी एक घेतला आणि उंदराने ओढून काढू नये म्हणून झाडूच्या दांड्याने चांगला खोल दाबला. आणि 'गाडी काढताना' या यादीत ते कलम लिहायचंच राहिलं होतं. काखेत कळसा गावाला वळसा ही म्हण त्या मुलखात नाही, नाहीतर त्या दिवशी ती पायथ्यापासून माथ्यापर्यंत एका दमात ऐकू आली असती.

रूने खाली गेलाच नव्हता, हँडलवर डोकं ठेवून हसत होता. कॉनीने मोजा झटकून दोन बोटांत उंच धरला.

"नववीत उष्णतेत मला किती होते रे, मास्तर?"

"पस्तीसपैकी नऊ," मास्तर म्हणाले.

"आज तुला किती देऊ?"

हिल्डुरबाईंनी हात पुढे केला, मोजा घेतला, उलटसुलट करून पाहिला, टाचेचे टाके अंगठ्याने दाबून पाहिले. त्यात पेट्रोलचा वास भरला होता.

"दहा महिने मी समजत होते, तुला आवडले नाहीत म्हणून फेकलेस," त्या म्हणाल्या.

"फेकला नव्हता," मास्तर म्हणाले. आणि मग, बहुधा त्या दिवशी लाज आधीच पुरती गेली होती म्हणून, खरं बोलून गेले. "पण टोचतात, हिल्डुर. फार टोचतात."

"मग तेव्हाच सांगायचं. गुस्ताव्हनेही चाळीस वर्षं नाही सांगितलं. मेल्यावर ट्रंकेत चोवीस जोड सापडले, कोरे." त्यांनी मोजा खिशात घातला. "चल आता. मासे माझ्यासाठी थांबायचे नाहीत."

किल्ली फिरवली. गाडीने जो आवाज केला तो मास्तरांनी गेल्या वर्षीपासून ऐकला नव्हता. खोपी जागची हलली, वळण सुटलं, माथा आला, आणि रूने नवाकोरा दोर घेऊन मागून रिकाम्या गाडीने आला. दुपारी गुस्ताव्हच्या भोकातून हिल्डुरबाईंनी तीन मासे काढले. कॉफीत चीजचे तुकडे बुडवून सगळ्यांनी खाल्ले. रूनेने मोज्याची गोष्ट चार वेळा सांगितली, आणि खोपी कोणी ओढून आणली ते चारही वेळा वगळलं.

परतताना मास्तर नळकांडं काढायला गेले. आता त्याचं काम नव्हतं, शिवाय घरी चादरी ओल्या होत्या.

"त्याला हात लावायचा नाही," हिल्डुरबाई म्हणाल्या. मायलीसला त्यांनी पुढच्याच आठवड्यात नवं नळकांडं घेऊन दिलं. तेव्हापासून दर रविवारी त्या मास्तरांच्या मागे बसून, बोकडाच्या गाडीवरून, गरम पायांनी दुकानात जातात. मंडळाने त्या गाडीची फाईल अजून बंद केलेली नाही.

पुढच्या नाताळला मास्तरांच्या ताटाशेजारी एक पुडकं होतं. सगळं घर बघत असताना त्यांनी ते सोडलं. आत मोजे निघाले, तीन. दोन मऊ, दुकानातल्या महागड्या लोकरीचे, नेहमीच्या मापाचे. तिसरा जुन्याच टोचऱ्या करड्या लोकरीचा, तांबड्या पट्ट्याचा, आणि त्याच्या टोकाला दोन हात लांब तांबडा गोंडा विणलेला.

"दोन तुझ्या पायांना," हिल्डुरबाई मासा सोलत म्हणाल्या. "तिसरा गाडीला. गोंडा बाहेर लोंबता ठेव."